सौ.चं अंतर्मन, तांब्यावर

३ तारीख, सोमवार. पहाटे ५.४०
रिटायर झाल्यावर माणूस गंजतो. मी गंजणार नाही. ड्रायपॉइंटचा क्लास लावलाय. तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र ओरखडायचं, शाई भरायची, प्रेसमधून कागदावर छापायचं. काही अवघड नाही. १६ ला प्रदर्शन, प्रत्येकाचं एकच चित्र. माझा विषय: मानवी मन. मॉडेल: सौ. (घरातच असते.)

४, मंगळवार
हिला खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसवलं. नजर विलक्षण! समोर बघते, पण बघत नाही. धूसर, आत वळलेली. चौतीस वर्षांत हे मन मला आज सापडलं. ती म्हणाली, अहो, मोतीबिंदू आहे, १३ ला ऑपरेशन, येताय ना? म्हटलं, हलू नकोस.

६, गुरुवार
खुर्ची पूर्ण. चांगली खोल कोरली. मनाला उद्या हात घालतो.

८, शनिवार
मन अगदी हलक्या रेषेत. क्लासच्या बाई म्हणाल्या, नजर छान पकडलीत, आता हात लावू नका. पुढे रेषेच्या कडेबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण मला फ्रेमचा विचार करायचा होता.
संध्याकाळी हिने चहात मीठ घातलं. अंतर्मनातला कोलाहल. नोंद केली.

११, मंगळवार
ठरलं. गुरुवारी हॉस्पिटल म्हणजे हॉस्पिटल. तिला तसा शब्द दिला.

१२, बुधवार
प्रेसवर माझा नंबर उद्या दहाचा. ऑपरेशनही दहाचं. मोठ्या मेहुणीला फोन केला. ती जाईल. होकाराआधी बरंच बोलली.

१३, गुरुवार. सकाळी ८
पत्रा हाताला खरखरीत लागतोय. रेषांच्या कडेला तांब्याचा बारीक कीस उभा. ऑफिसात माझ्या टेबलावर कधी धूळ दिसली नाही, आणि हे असलं काम लोकांसमोर? पॉलिश पेपरने अर्धा तास घासलं. आता कसं लख्ख.

दुपारी १
बाईंनी पत्र्यावरून बोट फिरवलं आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, अहो, तो कीसच शाई धरतो. शनिवारी तेच सांगत होते. तरीही छापलं. खुर्ची सुरेख आली.
ऑपरेशन व्यवस्थित झालं म्हणे. मेहुणीने मेसेज केला, तोही एका ओळीचा.

१५, शनिवार
दोन दिवस विचार केला. आकृती नसणं हेच मनाचं खरं रूप आहे. हे आपोआप साधलं. बाईंना तसं सांगितलं. त्या प्रेस पुसत राहिल्या.

१६, रविवार
चित्राखाली ‘पत्नी: अंतर्मन’ अशी चिठ्ठी लावली. ही मेहुणीचा हात धरून आली. काळा चष्मा काढून बराच वेळ बघत होती. मी रिकामेपणावर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाली, किती स्वच्छ दिसतंय हो आता. वेताची वीण न् वीण दिसते. मी तेवढी कुठेच नाही.
वाईट वाटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.
घरी आल्यावर विचारलं, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन किती तारखेला? मी येतो.
म्हणाली, राहू द्या. ताई येणार आहे.