येऊरमार्गे युनान

३ ऑक्टोबर १९५४, रविवार

ठरलं! चीनला जायचं. नौपाड्यातल्या मधुसूदन वकिलांच्या दिवाणखान्यात मैत्री मंडळाने आज ठराव पास केला — येत्या हिवाळ्यात युनान प्रांताचा दौरा. चीनचा नैर्ऋत्येकडचा डोंगराळ मुलूख, ब्रह्मदेशाला लागून. तिकडच्या मैत्री मंडळाचं आमंत्रण आहे. राहणं-खाणं त्यांचं, हे कळल्यापासून आपल्याकडच्या मैत्रीला एकदम भरतं आलंय.

हिवाळाच का? उन्हाळ्यात गेलं तर आंबे बुडतात, असं हेडमास्तरांचं म्हणणं. पावसाळ्यात चातुर्मास आणि गणपती, असं होमिओपॅथ डॉक्टरांचं. राहिला हिवाळा. त्या डोंगरांत तेव्हा हवा कशी असते, हे एकानेही विचारलं नाही. विचारणार होते मी, पण गप्प बसले. कारण युनानात कॅमेलिया भर थंडीत फुलतो. झुडपं नव्हेत, चांगली झाडं! पाच वर्षं मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवतेय आणि कॅमेलिया पाहिलाय तो पुस्तकातल्या चित्रात. तोही काळा-पांढरा. बाकीच्यांना परत येऊन भाषणं ठोकायची आहेत. मला ते झाड बघायचंय. खालून, मान वर करून.

५ ऑक्टोबर

डॉक्टरांनी मंडळाकडे लेखी विचारणा केली आहे — चीनमध्ये साबूदाणा मिळतो का?

१२ ऑक्टोबर, कोजागिरी

पासपोर्ट आला. उत्तरा त्र्यंबक खांबेटे. फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते, पण नाव कसं ठळक आहे! पुन्हा पुन्हा वाचलं.

गच्चीवर दूध पिताना आप्पांनाही दाखवला. मला वाटलं, अर्जावर सही त्यांनीच दिली होती, म्हणजे गंगेत घोडं न्हालं. कसलं काय. आप्पांनी मिश्या पुसल्या आणि अट सांगितली. आधी लग्न, मग चीन. सव्वीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी परपुरुषांबरोबर बोटीने गेली तर लोक काय म्हणतील? लग्न झालेली गेली तर लोक काही म्हणत नसावेत. मंगळसूत्रात काहीतरी जादू आहे खास. म्हटलं, आणि नवऱ्याने नाही पाठवलं तर? तर म्हणे, पाठवणारा बघू. आईने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मसाल्याच्या दुधाला आणखी साखर घातली.

बोट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. पौषात लग्नं नाहीत. म्हणजे मार्गशीर्षातच उरकायला हवं. चीनच्या दौऱ्याचं वेळापत्रक आमच्या पंचांगावरून ठरतंय, हे तिकडे कुणाला कळवलंय की नाही, देव जाणे.

१४ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लागलं, आता नंबर माझा. डोंबिवलीची टिल्लू मंडळी आज बघून गेली. मुलगा प्रभाकर, वय बत्तीस, नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी. दिवसभर सरळ रेघा मारतो. त्यामुळेच बहुधा बोलायचं विसरला असावा. त्याच्या आई विमलाबाई दोघांच्या वाटणीचं बोलतात. आप्पांनी चीनचं विचारलं. विमलाबाई म्हणाल्या, आमची काही हरकत नाही, जाऊन आली की घरात रमेल. गोवर येऊन गेला की पोर सुधारतं, तशा सुरात!

मुलाने पोहे खाल्ले. आणखी घेतले. तेही खाल्ले. मी मनात म्हटलं, बरं आहे, भांडायला तरी येणार नाही. निघताना चपला घालता घालता एकच वाक्य बोलला. "चहा म्हणजेही कॅमेलियाच ना?"

मी हो म्हटलं, चहाचं झाड त्याच कुळातलं. तो गेला. मौनी बाबा!

१५ नोव्हेंबर

होकार आला. मीही दिला. युनानसाठी माणूस काय काय करतो!

२१ नोव्हेंबर, रविवार

आज मंडळाने थंडीचा सराव केला. कुठे — तर ठाण्याबाहेरच्या येऊरच्या डोंगरावर. अंगाला लोकरीची सवय व्हायला हवी, ही डॉक्टरांची कल्पना. टळटळीत दुपारी मंडळ निघालं — गरम कोट, मफलर, माकडटोप्या, पायांत मोज्यांवर मोजे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पाड्यावरची माणसं दारात येऊन बघत होती. एका म्हातारीने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, सगळ्यांनाच हिवताप आलाय का?

निम्म्या चढावर घेरी आली ती खुद्द डॉक्टरांना. झाडाखाली आडवं केलं. कोट काढला तर आत स्वेटर, स्वेटराखाली बंडी, बंडीखाली आणखी एक बंडी. कांदाच जणू. हेडमास्तरांनी रुमालाने वारा घालत जाहीर केलं की सराव समाधानकारक झाला. वकिलांनी तसं टिपूनही घेतलं.

हसून हसून माझं पोट दुखलं. उतरताना जरा मागे राहिले आणि एकदम लक्षात आलं — हे सगळे खुळे खरंच बोटीत बसणार आहेत, आणि त्यांच्यात मीही असणार आहे. फार आनंद झाला. वाटेतल्या कुड्याचं पान तोडून उगाच हातात धरून चालत राहिले.

२६ नोव्हेंबर

शालूची खरेदी. दुकानात विमलाबाईंनी पदर माझ्या खांद्यावर टाकून बघितला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "मंदाकिनीला शोभतोय."

मी मागे वळून बघितलं. मंदाकिनी कुठे दिसेना. ती मीच!

लग्नात नाव बदलतात हे मला काय माहीत नव्हतं? शाळेत दर उन्हाळ्यानंतर एखाद्या शिक्षिकेचं नाव नवं होऊन येतं, आणि आम्ही हजेरीच्या बोर्डावर जुनं पुसून नवं लिहितो. पण माझ्यावर येईल असं कधी वाटलंच नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं मरण दिसतं, आपलं दिसत नाही, तसंच हे. विचारलं, मंदाकिनीच का? तर विमलाबाई शालूची घडी घालता घालता म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव. लग्नात गेलं. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, घरात पुन्हा यावं."

आता या बाईवर रागवायचं तरी कसं? रागावलेच, पण मनातल्या मनात. स्वतःचं गेलेलं परत आणायला माझं घ्यायचं, हा कुठला न्याय? आणि शालू खरोखर शोभतोय, याचा वेगळा संताप.

२८ नोव्हेंबर, रविवार

वकिलांकडे गेले. आप्पा बरोबर. तिथे मौनी बाबाही आलेले — त्यांना वकिलांनी बोलावून घेतलं होतं.

वकिलांनी समजावून सांगितलं ते असं. लग्नाने आडनाव बदललं तर काही अडत नाही. भटजींचा दाखला नेला की पासपोर्टात शेरा मारून मिळतो. पण पहिलं नावच बदललं तर नवा पासपोर्ट, आणि तो काही जानेवारीच्या आत होत नाही. म्हणजे पहिलं नाव बदललं की माणूसच बदललं, असं सरकार समजतं. आयुष्यात प्रथमच सरकार माझ्या बाजूचं निघालं!

मी म्हटलं, घरात मंदाकिनी म्हणा, दाखल्यावर उत्तरा लिहा. वकील हसले. भटजी टिल्लूंच्या घरचे. लक्ष्मीपूजनाला नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने जे नाव लिहील तेच ते दाखल्यावर लिहिणार, एक काना इकडचा तिकडे करणार नाहीत. म्हणजे माझं युनान ताटभर तांदळांवर आलंय.

आप्पा वकिलांशी बोलत राहिले. जिन्यात मौनी बाबा आणि मी, दोघंच. धीर केला. म्हटलं, "मला उत्तराच राहायचंय. युनानसाठी."

ते म्हणाले, "हं."

हं! एवढंच. हो नाही, नाही नाही. माझ्या जन्माचा प्रश्न, आणि यांचं उत्तर एका अक्षराचं. भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी आला असता.

१ डिसेंबर

इथे तरी खरं लिहावं. मी युनानसाठी म्हटलं, ते अर्धंच. युनान नसतं तरी मला मंदाकिनी व्हायचं नव्हतंच. पण नुसतं 'मला माझं नाव हवंय' म्हटलं असतं तर शेफारलेली ठरले असते. सरकारचं नाव घेतलं की सगळे जरा दबकून ऐकतात. म्हणून पासपोर्ट पुढे केला आणि आपण त्याच्या मागे उभी राहिले. शूर बाई!

८ डिसेंबर

मंडळाचा निरोप समारंभ. अजून कुणी ठाण्याची वेस ओलांडलेली नाही, पण सत्कार झाला. हार, नारळ, शाली. हेडमास्तरांनी 'चीनमधील माझे अनुभव' या विषयावर भाषण केलं. जाण्याआधीच! मला नारळ मिळाला. आईने त्याच्या वड्या केल्या.

११ डिसेंबर

सीमांतपूजन झालं. घरभर पाहुणे, बसायला जागा नाही म्हणून स्वैपाकघरात पाटावर बसून लिहितेय.

खिडकीतून बघितलं. वकिलांनी मौनी बाबांना मांडवाच्या कोपऱ्यात नेलं आणि बराच वेळ काहीतरी कुजबुजत होते. बाबा नुसते ऐकत होते. मग वर खिडकीकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. समजले. आईचा हट्ट मोडवत नाही, मंदाकिनीच लिहिणार, तुम्ही तिची समजूत काढा — दुसरं काय असणार? निदान तोंडावर सांगायचं होतं. मला त्या माणसाचा इतका राग आलाय की उद्या अंतरपाट दूर झाल्यावर बघणारसुद्धा नाही त्यांच्याकडे.

कॅमेलियाचं पान पेटीत पुस्तकात घालून आणीन, असं मुलींना सांगून बसलेय. त्यांना आता काय तोंड दाखवू? जेवलेही नाही. सगळ्यांना वाटतंय, माहेर सुटणार म्हणून.

१३ डिसेंबर, डोंबिवली

काल लग्न झालं. अंतरपाट दूर झाल्यावर नाहीच बघितलं.

संध्याकाळी इथे माप ओलांडलं. लक्ष्मीपूजनाला चांदीचं ताट आलं, भटजींनी त्यात तांदूळ पसरले. सगळ्या बायका वाकून बसल्या. विमलाबाईंच्या हातात पेढ्यांची परात तयार. चेहरा इतका आनंदी की बघवेना. मी समईकडे डोळे लावून बसले. ताटाकडे बघायचंच नाही म्हणून ठरवलं होतं. अंगठी तांदळांतून फिरल्याचा आवाज येत होता. बाई गं, किती वेळ लागतो एक नाव लिहायला! हा माणूस अक्षरंसुद्धा नकाशासारखी काढत असणार.

मग विमलाबाईंचा आवाज आला, "हे काय रे, प्रभाकर?"

बघितलं. ताटात लिहिलं होतं — उत्तरा. वर रेघ अगदी सरळ.

"पासपोर्टात हेच नाव आहे, आई. बदललं तर हिचं जाणं अडेल."

विमलाबाई मग म्हणाल्या, बरं, परत आली की बदलू. त्यावर हे म्हणाले, "तांदूळ एकदाच मांडतात."

एका दिवसात इतकी वाक्यं! आणि मी काय काय लिहून ठेवलंय यांच्याबद्दल वर. तसंच राहू दे. शिक्षा म्हणून पुन्हा वाचत जाईन.

पेढे वाटताना विमलाबाई माझ्यासमोर आल्या. मंदाकिनी याही खेपेला उंबऱ्याबाहेरच राहिली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण पेढा खाल्ला. पूर्ण खाल्ला. भटजींनी दाखला लिहायला घेतला तेव्हा शेजारी जाऊन उभी राहिले, उत्तरा उमटेपर्यंत हलले नाही.

१६ डिसेंबर

दुपारी मधुसूदन वकील घरी आले. युनानचा दौरा रद्द. तिकडून तार आली — हिवाळ्यात डोंगरांत बर्फ पडतं, वाटा बंद होतात, यंदा जमणार नाही. बर्फ पडतं! आंबेवाल्यांना आता कळलं.

त्यांच्यासमोरच रडले. ते फार ओशाळले. म्हटलं, तार कधी आली? तर म्हणाले, "सीमांतपूजनाच्या दिवशी सकाळी. प्रभाकररावांना मी तेव्हाच मांडवात सांगितलं. लग्नाच्या गडबडीत तुम्हाला नको, म्हणाले. अजून बोलले नाहीत?"

नाही बोलले. म्हणजे ताटापुढे बसून आईंना पासपोर्टाचं सांगितलं, तेव्हा त्यांना माहीत होतं, मी कुठेच जाणार नाही म्हणून.

येतीलच आता कचेरीतून. चहा टाकते.