तिचं नाव नको

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलावं असं मला कधी वाटलं नाही. आज वाटतंय, आणि ते प्रेमाने नाही. गेले काही महिने मी आईसाठी आरोग्य विमा शोधत फिरत होते. जिथे गेले तिथे तुम्ही आडवे आलात. मेलेला माणूस इतका आडवा येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. दफनभूमीत तुमच्या दगडावर 'प्रेमळ पती, आदर्श शिक्षक' असं कोरलंय. ते शब्द आईने निवडले होते. मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते.

तुम्हाला तो दिवस आठवणार नाही, कारण तुमच्या लेखी त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. मे महिन्याची सुट्टी आहे. तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसला आहात. समोर विम्याचा एजंट आहे, तुमचाच जुना विद्यार्थी, म्हणून बिचारा खुर्चीच्या कडेवर टेकलाय. मी आत जमिनीवर बसून बाजारात विकायला केळीच्या पानात चाफ्याची फुलं बांधतेय. आई ती भल्या पहाटे शिडी लावून काढून आलेली असते. तेव्हा माणशी वेगळा हप्ता असायचा. तुम्ही तुमचं नाव सांगता, मग माझ्या धाकट्या भावाचं. एजंट म्हणतो, "सर, मॅडमचंही घालूया. बायकांना पुढे काही ना काही निघतंच." तुम्ही हसता. "तिचं नाव नको. ती कधी आजारी पडते का? घरातच तर असते." आणि माझ्याबद्दल विचारल्यावर म्हणता, "मुलीचं राहू दे. उद्या लग्न झालं की तिचा नवरा बघेल." आई चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. तिने कप ठेवले, एजंटला म्हणाली, "साखर कमी वाटली तर सांगा," आणि आत आली. माझ्याशेजारी बसून फुलं बांधायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिथे मला काही दिसलं नाही. तिला काहीच वाटलं नसेल, असं मी ठरवून टाकलं आणि पुढे कितीतरी वर्षं तेच धरून चालले.

पुढे तिला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितली. तुम्ही आधी गोळ्या देऊन बघू म्हणालात, मग परीक्षा संपू दे म्हणालात, मग पाऊस संपू दे. आई कंबरेला ओढणी करकचून बांधून वाडीत जायची. पायऱ्या चढताना तिचे ओठ पांढरे पडायचे. शेवटी ती चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कोसळली. चारचौघांनी बघितलं, तेव्हा कुठे तुम्ही हललात. सरकारी दवाखान्यात नेलंत. "तिथेही डॉक्टरच असतात," हे तुमचं वाक्य. डॉक्टर होतेच, चांगलेही होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाटा कमी होत्या, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई दोन खाटांच्या मधे गोधडी टाकून झोपली होती. तुम्ही येऊन तिच्या उशाशी केळी ठेवलीत आणि शाळेत निघून गेलात.

आणि मग तुमचं हृदय. माणिकपूरचं ते खाजगी हॉस्पिटल, वेगळी खोली, खिडकीला पडदे, भिंतीवर टीव्ही. सगळं विम्यात. गावातली माणसं भेटायला यायची. तुम्ही तीन उशांना टेकून त्यांना सांगायचात, "बघा, वेळेवर विमा काढला म्हणून. प्रत्येक कुटुंबाने काढलाच पाहिजे." माणसं माना डोलवायची. सर किती दूरदृष्टीचे! आई तेव्हा कोपऱ्यात वाटीत पेज निववत उभी असायची. मला ती वाटी घेऊन तुमच्या त्या स्वच्छ चादरीवर ओतावीशी वाटायची. कुटुंब म्हणे! तुमच्या कुटुंबात दोनच माणसं होती, आणि दोन्ही पुरुष.

त्या खोलीतून तुम्ही बरे होऊन आलात, आणखी काही वर्षं शाळेत मुलांना मारलंत, निवृत्त झालात, आणि एका सकाळी उठलाच नाहीत. धाकटा पुढे कॅनडाला गेला. मी विरारला फुलपाड्यात राहते, सातिवलीच्या एका पॅकिंग कंपनीत डिस्पॅच बघते. कंपनीच्या विम्यात मी, नवरा आणि मुलगी आहोत. आईवडील त्यात बसत नाहीत. आईला गेल्या वर्षी माझ्याकडे आणलं, कारण तिचं बीपी आणि शुगर दोन्ही आता गोळ्यांवर आहे आणि एकटीने वाडीत राहणं होत नाही. आल्यावर पहिलं काम हेच धरलं, तिचा विमा.

तुम्हाला वाटतं हे बाजारातून भाजी आणण्यासारखं आहे. मी पण तसंच समजत होते. धाकट्याने व्हिडिओ कॉलवर एक स्वस्तातली पॉलिसी दाखवली. "ताई, ही बघ, कव्हर केवढं मोठं आहे. आजच ऑनलाइन भरून टाक." मी सगळं वाचलं. खोलीच्या भाड्याला मर्यादा होती. त्याहून महाग खोली घेतली तर डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळंच त्या प्रमाणात कापणार. वर प्रत्येक बिलातला मोठा वाटा आपण भरायचा. आणि त्यांच्या यादीतलं जवळचं हॉस्पिटल ठाण्याला. आईला घाम फुटून छातीत दुखायला लागलं तर मी तिला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून ठाण्याला न्यायची? मी हे सांगितलं तर तो म्हणतो, "मग शुगर लिहू नकोस, दुसरी पण स्वस्तात मिळेल." मी म्हटलं, "आणि क्लेमच्या वेळी रक्त तपासलं की?" तो चिडला. "तू पप्पांचा राग माझ्यावर काढतेस. त्यांना परवडलं तेवढं त्यांनी केलं." मी म्हटलं, "हो. त्यांना तू परवडलास." त्याने फोन ठेवला. बरंच झालं.

शेवटी स्टेशनजवळ ऑफिस असलेल्या एका एजंटबाईंकडे गेले. आईच्या गोळ्यांची चिठ्ठी, रिपोर्ट, सगळं पुढे ठेवलं. एका कंपनीने सरळ नाही म्हटलं, वय आणि शुगर. दुसरी तयार झाली. हप्ता जास्त, बिलाचा थोडा वाटा आपला, पण खोलीला मर्यादा नाही, आणि वसईतली दोन हॉस्पिटलं यादीत. फक्त बीपी, शुगर आणि त्यातून निघणाऱ्या दुखण्यांसाठी दोन वर्षं थांबायचं. म्हणजे दोन वर्षं तिच्या हृदयाने गप्प बसायचं. बाईंनी सहज विचारलं, "वडिलांची पॉलिसी होती म्हणता ना? त्यात आईंचं नाव असतं आणि ती चालू ठेवली असती, तर आज कोणी काही विचारलंच नसतं. सगळे थांबायचे काळ केव्हाच सरले असते." पप्पा, त्या दुपारी तुम्ही माझ्यासमोर असता तर मी तुमच्या अंगावर धावून गेले असते.

मग कंपनीचा फोन आला. मंजूर करायच्या आधी त्यांची डॉक्टर स्वतः पेशंटशी बोलते. आई फोन कानाला लावेना, म्हणून स्पीकरवर टाकून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. ती गवार मोडत होती. पलीकडची मुलगी अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलत होती. "आजी, याआधी काही ऑपरेशन?" "हो. पिशवी काढली." "कुठे?" "सरकारीत." "आधी कधी विमा होता?" "मिस्टरांचा होता." "त्यात तुमचं नाव होतं?"

आईने हातातली शेंग मोडली. मला वाटलं आता म्हणेल, मला कुठे काय व्हायचं. आयुष्यभर तिने तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "नव्हतं. मी मागितलं होतं. ते नाही म्हणाले."

पलीकडच्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला. तिच्या फॉर्मात याला रकाना नव्हता. फोन संपल्यावर मी आईला विचारलं, "कधी मागितलंस?" ती गवारीकडेच बघत म्हणाली, "त्याच दिवशी, बाय. तो विम्याचा मुलगा गेल्यावर. म्हटलं, माझंही घाला, मी चाफ्याच्या पैशातून भरते. ते म्हणाले, चाफा तरी कोणाच्या बापाच्या वाडीतला?" मी म्हटलं, "आणि तू?" "मी काय? भात लावला. पिशवीच्या वेळी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, आता कोण घेणार तुला." तिने शेंगांची देठं पाटीत गोळा केली. "तुला का नाही सांगितलं म्हणशील. तुझं लग्न व्हायचं होतं. बापाबद्दल मनात विष घेऊन मुलगी सासरी जाऊ नये, असं वाटायचं." हे ती इतक्या सहज म्हणाली की मला स्वयंपाकघरात उभं राहवेना. मी बाल्कनीत गेले.

पॉलिसी झाली. तिचं एकटीचं नाव असलेलं कार्ड आलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं. पावसाळ्यात तिला डेंगी झाला. ताप उतरेना, पेशी खाली आल्या, तेव्हा वसईत ॲडमिट केलं. नव्या पॉलिसीत पहिला महिना कुठलंच दुखणं धरत नाहीत, तो उलटून गेला होता, आणि डेंगीचा शुगरशी संबंध नाही, म्हणून कंपनीने मान्य केलं. तरी मंजुरीचा मेसेज येईपर्यंत मी काउंटरवरून हलले नाही. तिला वेगळी खोली मिळाली. पहिल्या संध्याकाळी तिच्या हाताला सलाईन, मी बाजूला खुर्चीवर. बाहेर कोणाचे तरी नातेवाईक मोठ्याने बोलत होते. ती म्हणाली, "दार लावून घे गं." मी लावलं. मग म्हणाली, "पंखा थोडा कमी." मी कमी केला. "आणि तो मऊ भात नको, मला पाव आण, चहात बुडवून खाते." मी उभ्याउभ्याच रडले, ती बघत नव्हती तेव्हा. माझ्या आठवणीत आईने स्वतःसाठी लागोपाठ तीन गोष्टी मागितल्याचं हे पहिलंच. ती बरी होऊन घरी आली. आपल्या वाट्याचे पैसे भरले, बाकीचे त्यांनी भरले. आता दोन वर्षं सरायची वाट बघायची. मी बघते, तीही बघते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या दगडावर ठेवावं इतकाही मान मला तुम्हाला द्यायचा नाही. एकच सांगते. दरवर्षी तुम्ही गेलात त्या तारखेला आई फादरांकडे जाऊन तुमच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा सांगते, पाऊस असो, गुडघे दुखत असोत. यंदा तो दिवस आला, ती सकाळी उठली, चहा केला, कपडे वाळत घातले, आणि फादरांकडे गेली नाही. ती विसरली की नाही हे मला माहीत नाही. तारीख मला आठवत होती, पप्पा. मी तिला आठवण करून दिली नाही.