पहिलं शील

दिग्रस, रविवार

प्रिय पायल,

फोनवर तू म्हणालीस, माझ्या लग्नाला तू एकटी ये, बाबा नकोत. आणि विहारात पंचशील वगैरेही नको, नुसतं रजिस्टर करू. मी "बरं" म्हटलं आणि गॅस बंद करायच्या निमित्तानं फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, तोंडानं सांगता येत नाही ते सुवाच्य अक्षरात लिहावं. म्हणून बाबा पुसदला गेल्यावर लिहायला बसले आहे. दर रविवारी विहारातून आले की ते एसटीनं तिथल्या मीटिंगला जातात. दारू सोडलेली माणसं गोल करून बसतात आणि प्रत्येक जण नाव सांगून म्हणतो, मी दारुडा आहे. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मला म्हणाले, "साऱ्या दिग्रसले माहीत असलेली गोष्ट सांगाले मी तिकीट काढून गेलतो, दीपा." आम्ही दोघं हसलो. किती वर्षांनी.

कापसाच्या जिनिंगमधून घरी येणारे बाबा तुला आठवतात का? भुवयांत, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर रुई चिकटलेली. तू मांडीवर बसून ती वेचायचीस आणि ते म्हणायचे, "वेच माय वेच, तुह्या बाहुलीची गादी भरू." मला आधी तो माणूस आठवतो, याचा तुला राग येईल. तुला दुसरा आठवतो. त्याला मीही विसरलेले नाही. कुकरचं झाकण माझ्या मनगटावर मारणारा. ते हाड मोडल्याचा आवाज तू पलीकडच्या खोलीत ऐकलास. माझे केस दाराच्या कडीला गुंडाळून, भाजीत मीठ जास्त का, हे अगदी शांतपणे विचारणारा. तुझ्या बारावीच्या पुस्तकांवर रॉकेल ओतणारा. मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालून शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मुली म्हणायच्या, मॅडम किती टापटीप राहतात.

आणि रविवारी हाच माणूस पांढरा सदरा घालून विहारात आपल्या दोघींच्या शेजारी उभा राहायचा. पंचशीलातली पहिली चार मोठ्यानं म्हणायचा आणि पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, आलं की ओठ घट्ट मिटायचा. वस्तीत त्यांचं नावच पडलं होतं, चारशील्या. शेजारच्या कांतामावशी तर कौतुक करायच्या, "पेते, पण विहारात लबाड नाही बोलत धर्मपाल." मलाही त्या मिटलेल्या ओठांचा थोडा अभिमान वाटायचा. खोटं न बोलण्याचं चौथं शील तरी हा माणूस पाळतो, असं मी मनाशी म्हणायचे.

त्या बुद्धपौर्णिमेबद्दल आपण कधीच बोललो नाही. मी पांढरी साडी नेसून खीर ढवळत होते. ते भरदुपारी पिऊन आले. त्यांच्या मालकाला मी काही सांगितलं, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. पातेलं लाथेनं उडालं. मग माझा गळा त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि डोकं भिंतीवर आपटत होतं. मला शेवटी फक्त त्यांच्या भुवईतली रुई दिसत होती, मग तीही दिसेना. तू खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेऊन आलीस. पहिला घाव बसला तरी त्यांचे हात सुटले नाहीत. दुसऱ्यानं ते खिरीतच खाली बसले. रक्त डोळ्यांत उतरत होतं, माझ्या साडीवर उडत होतं, आणि तू तिसऱ्यांदा हात उगारला होतास. तो मी धरला. टाके घालताना त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, विहाराच्या पायरीवर घसरलो. तेवढं एक खोटं ते आजवर सांगत आले आहेत. त्याच आठवड्यात तू नागपूरच्या हॉस्टेलला गेलीस.

त्यानंतर ते आणखीच प्यायले. मग एकदा स्वतःच म्हणाले, मले कोंडून ठेव. मी अडाण्यासारखं खरंच कोंडलं. त्यांना भिंतीतून मुंग्या येताना दिसू लागल्या. मी जवळ गेले तर त्यांनी माझ्या दंडाचा लचका तोडला. कांतामावशी आणि मी जुन्या साड्यांनी त्यांना खाटेला बांधलं. झटका आला, दातांखाली जीभ कापली गेली, उशी लाल झाली. डॉक्टर आम्हा दोघींवर ओरडले, अशी एकदम दारू तोडली तर माणूस मरतो. मग नागपूरचं व्यसनमुक्ती केंद्र. तिथून परत येताना ते बसस्टँडवरच प्यायले. पुन्हा केंद्र. त्या वेळी तिथल्या भिंतीला मारून मारून त्यांनी स्वतःची बोटं मोडून घेतली. आता कापसाचे दोन हंगाम झाले, घरात दारू आली नाही.

परत आल्यावरच्या रविवारी सारं विहार पाचव्या शीलाची वाट पाहत होतं. ते त्यांनी म्हटलं. कांतामावशी रडल्या, कोणीतरी जिलेबी वाटली. मी शेजारी उभी होते, म्हणून मला एकटीला कळलं की त्यांनी पहिलं म्हटलंच नव्हतं. हिंसेपासून दूर राहण्याचं. पुढच्या रविवारीही तेच. जेवताना मी विचारलं. ते भाकरी कुस्करत राहिले. म्हणाले, "तुहा हात प्लास्टरमध्ये होता तवाबी मी पयलं शील सगळ्यायहून मोठ्यानं म्हणून राह्यलो होतो. मले कोणी काहून नाही अडवलं वं?" आम्ही सगळे पाचव्याचीच वाट पाहत उभे असायचो.

लग्नाला ते येणार नाहीत. तू म्हणायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं. "पयल्या शीलाले चूप राह्यलो तं पाव्हणे इचारतीन, अन् म्हटलं तं पोरगी आयकन." त्यांना माफ कर, असं मी सांगत नाही. फळीवरचा डबा काढायला त्यांनी हात वर केला तरी माझी मान अजून आखडते. मी एकटीच येईन. पण पंचशील तू का टाळते आहेस, ते मला फोन ठेवल्यावर कळलं. बाबा पहिल्या शीलाला गप्प राहतात आणि त्या दुपारच्या बत्त्यामुळे तुलाही तेच म्हणायची भीती वाटते. तो बत्ता मी अजून वापरते, त्यानंच मिरची कुटते. त्या दुपारी तो तुझ्या हातात नसता, तर आज हे पत्र लिहायला मी नसते. म्हणून तुझं लग्न विहारातच होऊ दे, आणि पहिलं शील तू स्वच्छ, मोठ्यानं म्हण. मी अगदी शेजारी उभी असेन, आणि या वेळी पहिल्यापासून ऐकेन.

तुझ्या हातामुळे असलेली,
तुझीच
आई