ट्रिगरची स्प्रिंग

बर्मिंगहॅम,
१४ सप्टेंबर २००६

प्रिय अलकाताई,

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा लीड्सच्या पावसाचंच विचारत बसलो, म्हणून हे पत्र. वेअरहाऊसमध्ये दिवसभर खोकी उचलून हात भरून येतात, अक्षर वेडंवाकडं येईल. सरळ कधी होतं म्हणा! कॉलेज सोडलं, मग ब्रिस्टल, मग ते बोटीवरच्या नोकरीचं खूळ... जाऊ दे. कंटाळलोय मी, ताई. खोल्या बदलून बदलून मोजे कुठल्या बॅगेत आहेत तेही आठवत नाही.

बाबांनी ती मोडकी एअर रायफल आणली तो दिवस आठवतो? कार बूट सेलच्या जुन्या बाजारातून, टॉवेलमध्ये गुंडाळून. आई म्हणाली, "अहो, म्हातारपणी कबुतरं मारणार का?" तर म्हणाले, "मारायचंय कुणाला? चालू करायची." तीस वर्षं बसची इंजिनं उघडलेला माणूस. स्क्रू काढला की आधी वहीत त्याचं चित्र, मग तो जॅमच्या बरणीत, बरणीवर चिठ्ठी. एका चिठ्ठीवर तर 'हे कशाचं माहीत नाही' असंच लिहिलं होतं. मी शाळा बुडवली तरी ओरडायचे नाहीत, नुसती कानस हातात द्यायचे. घास म्हणायचे, डोकं शांत होतं. आणि दसऱ्याला ताटात ती अर्धवट रायफल, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू. तू म्हणायचीस, आपल्याच घरात देव पण दुरुस्तीला येतात.

आई गेली तेव्हा फक्त ट्रिगर बसवायचा राहिला होता. मी घर सोडून निघालो त्या सकाळी बाबा माझ्या बॅगेकडे बघून म्हणाले, "जा तू. उरलेलं मी आठवड्यात लावून टाकतो." आणि चहा टाकायला गेले. अडवलं नाही की रागावले नाहीत. टेबलावर बरण्या तशाच होत्या.

परवा तू सांगितलंस, बाबा रोज सगळ्या बरण्या उलट्या करतात. "स्प्रिंग इथेच ठेवली होती," म्हणतात, आणि मग स्वतःच, "माझं डोकं गेलं गं अलका." मंगळवारी मेमरी क्लिनिक, मग त्या वृद्धांच्या होमचा फॉर्म. ताई, स्प्रिंग तिथेच होती. मी घेतली. माझ्याशिवाय त्यांनी रायफल पूर्ण करू नये, एवढंच होतं मनात. दोन वर्षं पाकिटात घेऊन फिरतोय. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, पण याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडू नकोस. खाली टेपने चिकटवली आहे, वहीतल्या चित्राशी लावून बघू देत. चोरली कुणी तेही सांग. फक्त शेवटचा स्क्रू माझ्यासाठी ठेवा म्हणावं. दसरा दोन तारखेला आहे. मी येतो. या वेळी खरंच.

तुझाच, पळपुटा,
परीक्षित