माउथपीसची आतली कड

वसतिगृह, ता. ३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

माउथपीस पोचला. मुलामा इतका झकास दिलास की त्यात तोंड दिसतं. पण ट्रम्पेटला लावून फुंकला आणि माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

पूर्वी जीभ मारली की सूर जागच्या जागी फुटायचा. आता आधी नुसती हवा फसफसते आणि सूर मागून रेंगाळत येतो. कड ओठाला मऊ लागते खरी, पण ओठ नक्की कुठे टेकलाय तेच कळत नाही. बोट फिरवून पाहिलं, तर कडेची आतली धार गायब. मामा, त्या धारेमुळेच सूर स्वच्छ सुटतो रे. मी फक्त मुलामा द्यायला सांगितलं होतं. परदेशातल्या वाद्यवृंदाची परीक्षा तोंडावर आलीय, आणि उसना माउथपीस लावणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून जेवणं. हे काय करून बसलास?

चिडले असले तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची,
पिपाणी

कारखाना, ता. ७ मार्च

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अगं, ती धार मी माझ्या मनाने नाही घासली. ताईचा फोन आला होता. पोरीचा ओठ सोलून निघतो, आतली कड गोल कर, आणि तिला काही बोलू नकोस, म्हणाली. मला नळाचे व्हॉल्व्ह कळतात, सूर कुठे कळतो? तुझी आईच सांगतेय म्हटल्यावर डोळे मिटून घासली.

गेलेला धातू काही परत चिकटत नाही. पण कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी मेणात ठसा घ्यायची माझी खोड आहे. मामी त्यावरून मला हसते. त्या ठशावरून लेथवर नवा कातून देतो, धारेसकट. वसतिगृहात पार्सलं गहाळ होतात, म्हणून ताईकडे पाठवतो. ती आणून देईल.

या म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा मामा

वसतिगृह, ता. १८ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

माझी निवड झाली. पुढच्या महिन्यात निघायचंय. हे तुला नाचत सांगायचं होतं, पण मामाचं पत्र आल्यापासून डोकं बधिर झालंय.

दुकानात माउथपीस निवडला तेव्हा तू शेजारीच होतीस. ही धार आहे म्हणून सूर खणखणीत लागतो, असं माझे ट्रम्पेटचे सर तुझ्यादेखतच म्हणाले होते. माझा रियाज तू स्वयंपाकघरातून ऐकायचीस, एक सूर घसरला तरी आतून खोकायचीस. मग तुला कळलं नाही असं कसं मानू? ओठाचं निमित्तच होतं ना?

नशीब, परीक्षेच्या दिवशी तिथल्या पहारेकऱ्याने नवा माउथपीस आणून दिला. मामाने परस्पर कोणाबरोबर तरी पाठवला असणार. तुझ्यावर विसंबला नाही ते बरंच झालं.

माया उरली असेल तर खरं काय ते लिही.

पिपाणी

घर, ता. २२ मार्च

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

हो, निमित्तच होतं. परीक्षेत तू अडखळशील आणि घरी परत येशील, एवढंच डोक्यात होतं. घरात आपण दोघीच. तू समुद्रापलीकडे गेलीस की मी कोणासाठी खोकू? पण पोटच्या पोरीचा सूर बोथट करायला निघाले, याचा आता माझा मलाच धक्का बसलाय.

मामाचं पार्सल माझ्याकडेच आलं होतं. मी ते चादरींखाली सारून ठेवलं, पण झोप कसली लागते. परीक्षेच्या सकाळी पहिल्या बसने निघाले आणि पहारेकऱ्याच्या हातात डबी दिली. कोणी दिली ते सांगू नका म्हटलं. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

जिन्याखालच्या बाकावर बसून राहिले. आत एकेक जण वाजवत होता. मग एक सूर आला, बटण दाबताच दिवा लागावा तसा. नाव पुकारलेलं मला ऐकू आलं नाही, पण सूर तुझाच होता. त्या पहिल्या सुरालाच कळलं, तू जाणार.

मग मी बस पकडून घरी आले. रागाने का होईना, पत्र टाकत जा.

तुझी आई