जिवंत सोफ्याविषयी

दुमयात (इजिप्त), रविवार, १० नोव्हेंबर २०२४. सकाळचे सव्वासात. सोफ्यापाशी जमिनीवर बसून लिहितो आहे (सोफ्यावर बसायला मनाई आहे, कारण पुढे येईल).

आदरणीय बसयूनीमामांस रिफअतचा सलाम.

तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल, बेकरी जोरात असेल आणि मामींनी माझ्यावरचा राग गिळला असेल, अशी आशा आहे. आम्ही सर्व खुशाल आहोत. निदान शुक्रवार दुपारपर्यंत होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमचे सगळे गाव खुर्च्या-पलंग करून जगते, आणि माझे होणारे सासरे हाज मुतवल्ली तर लाकडावर बोटाची गाठ आपटून त्याचे वय सांगतात. अशा माणसाच्या मुलीसाठी बैठकीचा सोफा मी द्यायचा होता. लाकूड परवडेना. मी ज्या संशोधन केंद्रात बरण्या धुतो, तिथल्या डॉक्टर मॅडम भाताच्या पेंढ्यात अळंबीचे बी कालवून साच्यात भरतात. बुरशीचे पांढरे धागे पेंढा असा आवळतात की ठोकळा विटेसारखा होतो. शेवटी तो भट्टीत तापवून बुरशी मारायची असते. मी सोफा केला. पण केंद्राच्या भट्टीत स्टुलापलीकडे काही मावत नाही. म्हणून गच्चीवर वाळवला. वरून खडखडीत लागत होता (आत कोण डोकावतो?).

पुढचे सर्व आईच्या मायेने घडले. नवा सोफा लग्नापर्यंत नवाच राहावा म्हणून तिने तो प्लास्टिकमध्ये गुंडाळला, पाहुण्यांच्या बंद खोलीत ठेवला, कुबट वास येऊ नये म्हणून प्लास्टिकला भोके पाडली आणि रोज गुलाबपाणी शिंपडले. मॅडम नंतर म्हणाल्या, अळंबी पिकवायला लोक नेमके हेच करतात.

शुक्रवारी हाज मुतवल्ली, त्यांची बायको आणि नियोजित वधू शाहीनाज आले. हाजींनी प्लास्टिक ओढले. सोफ्याच्या पाठीपासून हातापर्यंत अळंब्यांचे घोस लोंबत होते. हाजींनी सवयीने गाठ आपटली, तर एक घोस त्यांच्या पायावर पडला.

"पोरा," ते म्हणाले, "आमच्या दुकानात लाकूड कापलं की मरतं. तुझं बाळसं धरतंय."

"बाबा, पण भाजी फुकट आहे की!" शाहीनाज ओढणीआड खिदळली.

"तू गप्प. उद्या पलंगाला भोपळे लागतील."

मला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. पण पाहुणा उपाशी जाणे आमच्या आईला मान्य नाही. तिने सोफा खुडला, लसूण-लोण्यात परतला आणि समोर ठेवला. हाजींनी दोन ताटल्या रिचवल्या, बोटे पुसली आणि निकाल दिला, "चव उत्तम. पण मी मुलगी शेतात देत नाहीये. येत्या शुक्रवारी मेलेला सोफा दाखव, नाहीतर अंगठी परत घे."

बाकी हवा बरी आहे. मामींना सलाम.

आपला भाचा,
रिफअत

ता.क. पावाची शेवटची खेप निघाल्यावर तुमची भट्टी निवत असते. बुरशी मारायला तेवढी ऊब पुरे. सोफा तीन तुकड्यांत सुटतो. बुधवारी टेम्पोने येतो. (मामींना आधी सांगू नये.)

ता.क. दुसरा. मी बाहेर येताच आईने खोलीला कुलूप लावले आहे. सोफ्याला पुन्हा कळ्या धरल्यात, आणि हाजींच्या बायकोने गुपचूप एक किलोची मागणी नोंदवली आहे. तरी बुधवारी टेम्पो आधी तुमच्याकडे धाडतो, त्यात बसून तुम्ही स्वतः या, आणि मोठा भाऊ म्हणून आईकडून किल्ली काढून द्या.

ता.क. तिसरा. शाहीनाजचा निरोप आला: सोफ्याचा एक हात तरी जिवंत ठेव.

खर्च: लसूण-लोणी ऐंशी पौंड, टेम्पोचा विसार दोनशे. देणे: एक मयत सोफा.