छतातली घूं

८ एप्रिल, मंगळवार
पुन्हा घूं! गाणं लावलेलं नसतानाही हॉलच्या छतातले चारही स्पीकर घुमतायत. डब्यात भुंगा कोंडल्यासारखे. पाडव्यापर्यंत ठणठणीत होते.

या घराचं वायरिंग मी केलं, स्पीकरही मीच बसवले. आयटीआय झाल्यावरचं माझं पहिलं स्वतंत्र काम. २० तारखेला नेरळच्या तेजश्रीताई ऐकायला येणार आहेत. त्यांच्या बंगल्याचं काम मिळालं तर माझा धंदा सुरू. नाहीतर परत बदलापूरला दुकानाच्या काउंटरवर मिक्सर विकायचे. नको रे देवा.

९ एप्रिल
वायरी बदलल्या. इन्व्हर्टर बंद करून पाहिला. फ्रीज बंद केला, तर मामा – माझे सासरे – म्हणाले, "दूध नासल गं." घूं तशीच.

योगेंद्र कामावर निघताना म्हणतो कसा, "हर्षला, गाणं मोठ्यानं लाव, कळनार पन नाय." नवरा आहे म्हणून सोडला.

११ एप्रिल, शुक्रवार
अँप्लिफायरच्या पत्र्यावर सहज हात टेकला आणि घूं थांबली. हात उचलला – पुन्हा सुरू. परत टेकला. जरा झिणझिणलं, पण थांबली! म्हणजे अर्थिंगच मिळत नाहीये. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहिला. पेटला नाही.

अर्थिंगचा खड्डा डिसेंबरात मीच करून घेतला होता, घरामागे शेताच्या कोपऱ्यात. मामा तेव्हा नणंदेकडे खालापूरला होते. माती मऊ होती, म्हणून ती जागा. उद्या उकरते.

१२ एप्रिल
उकरलं. वर बोटभर राख. वायरीचा प्लॅस्टिकचा पाईप वितळून गोळा झालेला, आतली हिरवी वायर हात लावताच तुटली.

मामांनी पाडव्यानंतर तिथे राब भाजला होता! शेण, पालापाचोळा, गवत रचून पेटवून दिलं. भाताची रोपं तिथेच करतात ना. माझं डोकंच फिरलं. "मामा, खड्ड्याचं झाकण दिसलं नाही तुम्हाला?"

ते शांतपणे म्हणाले, "माज्या बापापासून राब हितंच भाजतोय. तू खड्डा मारताना कुनाला इचारलंस?"

कुणालाच नाही. मी कर्जतच्या मास्तरांची मुलगी. मऊ माती दिसली, खणली. ती मऊ का, कुणी ठेवली, डोक्यातही आलं नाही. फार लाज वाटली. जेवताना माफी मागितली. मामा भाकरी मोडत राहिले.

१३ एप्रिल
मामा दिवसभर शेतावरच.

१४ एप्रिल, सोमवार
सकाळी मामा पहार घेऊन दारात. "चल, जागा दाव."

म्हटलं, "या वेळी तुम्हीच दाखवा."

न्हाणीघरामागे घेऊन गेले. "हितं सांडपानी मुरतं. भर उन्हाळ्यात बी ओल हाय." अर्थिंगला ओल लागते, हे आयटीआयत शिकवलेलं मामांच्या एका वाक्यात! दोन हातांवर मुरूम लागला. अडुसष्टाव्या वर्षी मामा ऐकेनात, पहार सोडेनात. शेजारचे येऊन बघून गेले.

१६ एप्रिल
नवं अर्थिंग जोडलं. बल्ब पेटला. मग स्पीकर लावले. आवाज नाही. अजिबात नाही. मामा खुर्चीत बसून छताकडे बघत होते.

"चालू हाय ना?"

"आहे."

"मंग बरं हाय."

मी मोरीत जाऊन थोडं रडून घेतलं. आनंदानं.

२० एप्रिल, रविवार
तेजश्रीताई आल्या. डोळे मिटून ऐकलं, चहा घेतला, छान म्हणाल्या. "याआधी कुठे कुठे केलंय?" मी खरं ते सांगितलं – हेच पहिलं. वर राबाचीही गोष्ट सांगून बसले. योगेंद्र सारखा घसा खाकरत होता. "कळवते," म्हणाल्या.

वाटतंय, होईल.

२४ एप्रिल
नाही झालं. त्यांनी ठाण्याच्या माणसाला काम दिलं. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

तेवढ्यात अंगणातून मामांची हाक. बाहेर शेजारचे सहदेवकाका आणि आळीतली आणखी सहा माणसं. कुणाच्या फ्रीजला झिणझिण्या, कुणाच्या पंपाला. कुणाच्याच घराला अर्थिंग नाही!

मामा त्यांना सांगत होते, "आमची हर्षला करल. तुमी फकस्त राब कुठं भाजता ते आदी दावा तिला."